विहिरीतला खडक आणि समुद्राची घळ

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शिवारात कुणी विहीर खोदायला घेतली, की खाली काय काय लागणार याचा अंदाज खोदणाऱ्यांना आधीच असतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग खडक. त्यातही प्रकार. कुठे मांजऱ्या लागतो, म्हणजे अंगभर पांढरे-हिरवे ठिपके असलेला, पहारीला त्यातल्या त्यात दाद देणारा खडक. कुठे काळा पाषाण लागतो आणि सुरुंगाशिवाय काम पुढे सरकत नाही. मधूनच एखादा लालभडक गेरूचा पट्टा निघतो. खोदणाऱ्याला याची चिंता असते, कारण पाणी कुठे लागणार आणि खर्च किती येणार हे यावरच ठरतं. मला मात्र ती विहीर कोकणातल्या समुद्रगुहा समजून घ्यायची सगळ्यात चांगली शाळा वाटते. इथल्या विहिरीत जो खडक आपण वरून वाकून पाहतो, तोच साडेचारशेहून जास्त किलोमीटरवर, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या हेदवीच्या किनाऱ्यावर उघडा पडलेला आहे. तिथे पहारीचं काम समुद्र करतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एक थर पसरून थंड व्हायचा, त्यावर दुसरा, मग तिसरा. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा गोठलेला लाव्हा, म्हणजे बेसाल्ट, पसरलेला आहे. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट, तो आपला काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोकं राहिली, पुढे त्यांत गारगोटीसारखी खनिजं भरली आणि मांजऱ्या तयार झाला. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला असेल, तर खालच्या थराचा पृष्ठभाग कुजून त्याची लाल माती झाली आणि वरून आलेल्या पुढच्या लाव्ह्याने ती भाजून निघाली. तो गेरू. विहिरीच्या भिंतीत हे सगळं पाच-दहा मीटरांत दिसतं. कोकणातल्या कड्यात तेच उभं राहून, उजेडात आणि ऐसपैस दिसतं.

आपल्याकडच्या पावसाचं पाणी या समुद्राला मिळत नाही. गोरेगावात पडलेला थेंब ओढ्यानाल्यांतून शेवटी गोदावरीत जातो आणि पार पूर्वेला बंगालच्या उपसागरात पोचतो. अरबी समुद्र त्याच्या उलट दिशेला. तरी मराठवाड्यातली माणसं समुद्र पाहायला निघतात ती कोकणातच. शाळेची सहल असो की नव्या जोडप्याचं देवदर्शन, गणपतीपुळे, हरिहरेश्वर, मालवण ही नावं ठरलेली. रात्रभर प्रवास, सकाळी दर्शन, मग गुडघाभर पाण्यात फोटो, नारळपाणी आणि परत. मला मनापासून वाटतं, की एवढ्या लांब गेल्यावर वाळूच्या शेवटी जिथे काळे खडक सुरू होतात, तिथे तासभर तरी थांबावं. किनाऱ्याची खरी गंमत त्या टोकाला आहे, आणि ती ओळखायला आपल्याइतकी तयार नजर दुसऱ्या कुणाची असणार? आयुष्यभर हाच खडक फोडत आलेली माणसं आपण.

वाळू एका जागी आणि गुहा दुसऱ्या जागी असं का होतं, ते आधी पाहू. कोकणचा किनारा सरळ रेषेत नाही. डोंगराचं एक टोक समुद्रात घुसलेलं, मग आत वळलेली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मग पुन्हा टोक. लाटा खोल समुद्रातून येताना सरळ रांगेत येतात. पण टोकापुढचं पाणी आधी उथळ होतं, तिथे लाटेचा वेग कमी होतो आणि बाकीची लाट त्या टोकाभोवती वळते. त्यामुळे लाटांची ताकद दोन्ही बाजूंनी टोकावर एकवटते आणि पुळणीवर ती पसरून मंदावते. जिथे ताकद एकवटते तिथे खडक तुटतो, जिथे मंदावते तिथे तुटलेल्याची वाळू साठते. गुहा हवी असेल तर टोकाकडेच जायला हवं.

टोकावरही लाट सगळीकडे सारखी पोखरत नाही. तिला फट लागते. लाव्हा थंड होताना आकसला तेव्हा त्यात उभ्या भेगा पडल्या. शिवाय काही ठिकाणी नंतरचा लाव्हा जुन्या थरांना चिरून वर आला आणि उभ्या भिंतीसारखा गोठला. अशा भिंतीला भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्या जागोजाग आहेत. कुठे ही भिंत आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक असते, मग ती उरते आणि बाकीचं झिजतं. कुठे तिच्यातच भेगांचं जाळं असतं, मग तीच निघून जाते आणि मागे चिंचोळी घळ राहते. आडव्या दिशेला गेरूचा थर नेमका लाटेच्या उंचीवर आला, तर तो मऊ थर आधी धुऊन जातो आणि वरचा पाषाण छतासारखा राहतो. म्हणजे विहिरीत आपण जे तीन-चार प्रकार ओळखतो, त्यांचा क्रम आणि त्यांतल्या भेगा यांवरच गुहेचा आकार ठरतो.

प्रत्यक्ष तोडफोड तीन तऱ्हांनी होते. पहिली पाण्याच्या माऱ्याने. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनाहून थोडं जास्त भरतं, आणि मोठी लाट असे कितीतरी टन एका दमात खडकावर आपटते. त्या वेळी भेगेत जी हवा असते तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती दाबली जाते, भेगेच्या टोकापर्यंत घुसते, आणि लाट मागे फिरताच फाडकन सुटते. दाब आणि सुटका, दिवसातून हजारो वेळा. पाण्यापेक्षा ही कोंडलेली हवाच खडक जास्त ढिला करते. दुसरी तऱ्हा गोट्यांची. तुटलेले तुकडे लाटेबरोबर घळीत गरगर फिरतात, तळ आणि भिंती घासतात आणि स्वतः गुळगुळीत होतात. तिसरी मिठाची, तिच्याकडे पुढे येतोच.

हे सगळं काम वर्षभर सारखं चालत नाही. नोव्हेंबर ते मे पर्यटकांना जो शांत समुद्र दिसतो, तो गुहा कोरणारा समुद्र नव्हे. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की लाटांची उंची आणि जोर दोन्ही वाढतात आणि वर्षातली बहुतेक झीज त्या तीन-चार महिन्यांत होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि टोकांवरच्या खडकांना समुद्राचा मारा अखंड चालू असतो.

गुहेच्या वयाचा मुद्दा फार विलक्षण आहे. खडक साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणून गुहाही तितकीच जुनी असेल असं वाटतं. पण सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होती आणि किनारा कितीतरी पश्चिमेला होता. बर्फ वितळत गेला तसा समुद्र चढत आला आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावला. त्याआधीही केव्हातरी, दोन हिमयुगांच्या मधल्या काळात, पाणी इतकं वर आलं होतं आणि तेव्हाच्या खुणा काही ठिकाणी असू शकतात. पण आज लाटा जिथे आपटतात तिथलं ताजं कोरीव काम माणूस शेती करायला लागला त्यानंतरचं आहे.

आता हेदवी. गुहागरच्या दक्षिणेला असलेलं हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे ओळखलं जातं. ते मंदिर डोंगरावर आहे. बहुतेक लोक दर्शन घेऊन तिथूनच परततात. खाली समुद्राकडे गेलं की उमामहेश्वराचं देऊळ लागतं आणि त्याच्या पलीकडे खडपं सुरू होतात. काळ्या खडकाचं सपाट पसरलेलं अंगण आणि त्यात सुरीने कापावी तशी एक अरुंद, खोल चीर समुद्राकडून आत आलेली. हीच बामणघळ. एक ब्राह्मण तिच्यात पडून गेला म्हणून हे नाव पडलं, असं गावात सांगतात. भरतीच्या वेळी लाट या चिरीच्या तोंडात शिरते. आत जावं तशी जागा अरुंद होत जाते आणि मागून पाण्याचा रेटा चालूच असतो. पाण्याला पुढे जागा नाही, बाजूला जागा नाही, म्हणून ते वर उसळतं. आधी आतून खोल, धपकन आवाज येतो. तो कोंडलेल्या हवेचा. मग क्षणभराने पांढरा फवारा सरळ वर चढतो आणि वाऱ्याने वाकून खडकावर पडतो.

ओहोटीला त्याच घळीच्या भिंती नीट पाहाव्यात. दोन्ही बाजू जवळजवळ समांतर आहेत, म्हणजे ही मुळात एक उभी भेगच होती आणि समुद्राने ती रुंद केली. काठावरच्या खडकात मांजऱ्याचे पांढरे ठिपके शोधावेत. आपल्या विहिरीतून निघालेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर मुलं ज्या चकाकत्या गारा वेचतात, त्यांचीच ही भावंडं. एक सांगायला हवं. खडक जिथपर्यंत ओला दिसतो तिथपर्यंत पाणी येतं. शेवटची लाट लहान होती म्हणून पुढची लहान असेल असं नसतं. शेवाळावर पाय सरकला तर धरायला काही नाही. कोरड्या खडकावरूनच पाहावं, आणि लहान मुलांचा हात सोडू नये.

याच समुद्राचा संबंध आता थेट आपल्या जिल्ह्याशी आला आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तर तो या यंत्राला कळावा लागतो. अशा यंत्राला जमिनीची सगळ्यात चिकाटीची थरथर जाणवते ती समुद्राची. उलटसुलट दिशांच्या लाटा एकमेकींना भिडतात तेव्हा समुद्रतळावर दाब पडतो, उथळ किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटाही जमिनीला धक्के देतात, आणि ही काही सेकंदांच्या लयीची कंपनं खडकातून शेकडो किलोमीटर आत जातात. अमेरिकेतल्या लायगो यंत्रांना त्यांचा त्रास होतो आणि तो टाळण्यासाठी खास व्यवस्था करावी लागते. जागा निवडताना जमीन शांत असावी हा मोठा निकष होता, आणि हिंगोली त्यात बसली. तरी पावसाळ्यातला खवळलेला समुद्र औंढ्याच्या खडकालाही सूक्ष्म हलवत असतो. आपल्या पायांना ते कळत नाही, एवढंच.

आता पुन्हा किनाऱ्याकडे. हरिहरेश्वर रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाशी आहे. इथे देवाची प्रदक्षिणाच समुद्राच्या खडकांवरून जाते. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या खिंडीतून खाली उतरायचं आणि समुद्रकाठच्या खडपांवरून वळसा घालून परत यायचं. उतरतानाच लक्षात येतं, की ही खिंड म्हणजे रुंद झालेली भेग. पायऱ्या माणसाने घातल्या, वाट खडकानेच दिली होती. खाली कड्याच्या पायथ्याशी लाटांनी आडवी खाच पाडलेली दिसते, वर कडा पुढे झुकलेला. खाच खोल होत जाते, मग वरचा भाग आपल्याच वजनाने कोसळतो, कडा मागे सरतो आणि पुढे सपाट खडक उरतो. प्रदक्षिणेला आपण चालतो ती सपाट जागा म्हणजे पूर्वी इथे उभ्या असलेल्या कड्याचा पाया.

आणि इथेच मिठाचं काम पाहायला मिळतं. कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी शेकडो छोटी भोकं दिसतात. लाट तिथवर पोचत नाही, फक्त तुषार पोचतात. तुषारांचं पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे राहतं. त्याचे स्फटिक वाढताना खडकाच्या कणांना ढकलतात. एक कण सुटला की खड्डा पडतो, खड्ड्यात सावली असते, ओल जास्त टिकते, मीठ जास्त साठतं आणि खड्डा आणखी खोल होतो. मधल्या पातळ भिंती मात्र राहतात. बोट फिरवून पाहावं, कडा करकरीत लागतात. पण नाव कोरू नये. काही ठिकाणी प्रेमवीरांनी तेही केलेलं पाहिलं, आणि फार वाईट वाटलं.

ही प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. भरतीला वाट पाण्याखाली जाते आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी काढूनच निघावं. मोबाइलवर ती मिळते, पण किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीवरून काढतात ती रीत आपल्यासारख्या पंचांग वापरणाऱ्यांना फार सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरायची, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. ही वेळ दिवसाला आणि रात्रीला, दोन्हींना लागू. भरतीनंतर सहा तासांच्या आसपास ओहोटी. गावागावात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, तेवढा हिशेबात धरावा आणि स्थानिकांना विचारून खात्री करावी.

यातून सहलीची तारीखही ठरवता येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हाच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. त्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. बामणघळीचा फवारा पाहायचा तर पौर्णिमेनंतरची प्रतिपदा-द्वितीया चांगली, पाऊणच्या किंवा दीडच्या सुमाराला भरती येते. हरिहरेश्वरच्या खडपांवर फिरायला तृतीया-चतुर्थीची सकाळ, कारण आठ-नऊच्या सुमाराला पाणी चांगलं ओसरलेलं असतं आणि ऊनही कोवळं असतं. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, दक्षिणेकडे तो कमी होत जातो.

इटलीतल्या समुद्रगुहा जगभर गाजलेल्या आहेत. तिथल्या पुलिया प्रांतात पोलिन्यानो आ मारे नावाचं गाव थेट कड्याच्या माथ्यावर वसलं आहे आणि घरांखाली समुद्राने गुहा कोरल्या आहेत. काप्री बेटावरच्या निळ्या गुहेत शिरायला होडीत आडवं व्हावं लागतं, एवढं तिचं तोंड ठेंगणं. बाहेरचा प्रकाश पाण्याखालच्या मोठ्या भोकातून आत येतो, येताना पाणी त्यातला लाल रंग शोषून घेतं आणि आतलं सगळं निळं उजळतं. हे सगळे चुनखडीचे कडे. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून तिथे पावसाचं आणि जमिनीतलं पाणीही गुहा करतं आणि समुद्र ती पुढे वाढवतो. बेसाल्ट तसा विरघळत नाही. तो भेगेवरच तुटतो. त्यामुळे आपल्याकडे गोल घुमटांपेक्षा सरळ भिंतींच्या घळी जास्त. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरची फिंगल गुहा आपल्याला जास्त जवळची, कारण ती बेसाल्टची. तिथला लाव्हा षटकोनी खांबांत तडकला आहे आणि समुद्राने खांबामागून खांब काढून गुहा केली. तसेच खांब पाहायचे तर मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, फक्त तिथे समुद्राऐवजी चहूबाजूंनी इमारती आहेत.

तुटलेल्या खडकाचं पुढे काय होतं, तेही पुळणीवर कळतं. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर वाळूत काळे पट्टे दिसतात. सोबत एखादं लोहचुंबक असेल तर ते कागदात गुंडाळून त्या पट्ट्यावरून फिरवावं. काळे कण उभे राहून कागदाला चिकटतात. हे बेसाल्टमधले लोहयुक्त कण, जड म्हणून लाट त्यांना मागे सोडून जाते. पांढरे कण बहुतेक शिंपल्यांचे. सहलीतल्या मुलांना हे दाखवलं तर ती पाण्यात खेळायचंही थोडा वेळ विसरतात.

दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलं की आपला ओळखीचा बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. वेंगुर्ला-निवतीसमोर, खोल समुद्रात, वेंगुर्ला रॉक्स नावाची खडकाळ बेटं आहेत. तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळ्या घरटी करतात. हे पक्षी गुहेच्या अंधारात टकटक असा आवाज करत, त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत कुठे आहे हे ओळखत उडतात. कड्याला घरटं चिकटवतात ते स्वतःच्या लाळेने. पूर्व आशियात पाकोळ्यांच्या लाळेच्या घरट्यांचं सूप महाग विकलं जातं आणि त्यासाठी इथली घरटी चोरून नेली जात होती. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ही तस्करी उघडकीला आणली आणि वन खात्याच्या मदतीने संरक्षणाचं काम सुरू केलं. वेळासला समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली ती हीच संस्था. पाकोळ्यांचा विणीचा काळ उन्हाळ्यात येतो, आणि नेमकी तेव्हाच आपल्या शाळांना सुट्टी लागते. निवतीहून होडीने डॉल्फिन पाहायला जाणाऱ्यांना ही बेटं लांबून दिसतात. विणीच्या दिवसांत होडीवाल्याला जास्तीचे पैसे देऊन गुहेपर्यंत न्यायला सांगू नये. माणसाच्या वावराने दचकून पक्षी उठले, तर कड्यावरच्या घरट्यातलं अंडं किंवा पिल्लू थेट समुद्रात पडतं, आणि एका वेळी त्यांना अंडी दोनच असतात.